सुई टोचण्याआधी विचारा

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, म्हणजे राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांत, गणेशोत्सव आला की आरोग्य शिबिरंही येतात. बीपी, शुगर, वजन, डोळे हे नेहमीचं. अलीकडे काही शिबिरांत आणखी एक तपासणी वाढली आहे : पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी पीएसए, मोफत. फ्लेक्सवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, कारण एरवी लॅबमध्ये तिचे पैसे मोजावे लागतात. माझं म्हणणं असं की प्रोस्टेट कॅन्सरसाठीची ही रक्ततपासणी प्रसादासारखी वाटू नये. कोणाची करायची आणि कोणाची नाही हे त्या माणसाशी पाच मिनिटं बोलून ठरवावं; आणि एवढं बोलणारं शिबिरात कोणी नसेल, तर ती शिबिरात ठेवूच नये.

हे ऐकून मंडळातली माणसं दुखावतात. ती चांगल्या मनाची आहेत, पदरचे पैसे घालतात, आणि त्यांचा प्रश्न सरळ असतो : कॅन्सर लवकर सापडला तर बरंच नाही का? तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल आपण हेच शिकलो, आणि तिथे ते खरंही आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तपासणी होते ती याच तीन कॅन्सरसाठी. प्रोस्टेट त्यात नाही. भारतात त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे हे खरं. पण जिथे ते खूप आहे, त्या देशांनाही सरसकट तपासणीचा निर्णय सोपा गेलेला नाही. का, ते शिबिर भरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली छोटी ग्रंथी. इंदूरच्या हिंदीत तिला गदूद म्हणतात, आणि इथले मराठी आजोबाही 'गदूद वाढलाय' असंच सांगतात. वयाबरोबर ती बहुतेक पुरुषांची वाढते, नळीवर दाब येतो, धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. ही साधी वाढ. ती कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला, नळीपासून लांब सुरू होतो, म्हणून सुरुवातीला लघवीला काहीच अडचण येत नाही. म्हणजे लघवीचा त्रास असलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, आणि सुरुवातीचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांना त्रास नसतो. आपल्या घरांतली भीती आणि आपला बेफिकीरपणा दोन्ही नेमके उलट्या जागी बसलेले आहेत.

पीएसए हे या ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. निरोगी ग्रंथीही ते बनवते. ग्रंथी नुसती वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवीसाठी बाहेरून कॅथेटरची नळी घातली, आदल्या दिवशी वीर्यपतन झालं, तरी रक्तात ते वाढतं. अमेरिकेत १९८६ मध्ये या तपासणीला मान्यता मिळाली ती आधीच कॅन्सर असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधण्यासाठी वापरायची परवानगी १९९४ मध्ये आली. रिपोर्टवर ४ या आकड्याची रेषा छापलेली असते आणि लोक ती पास-नापासासारखी वाचतात. पण ४ ते १० मध्ये आकडा आलेल्या चौघांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतो, आणि ४ च्या आत असलेल्यांतही काहींना तो असतो.

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. दुसऱ्याच कारणाने वारलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत असं दिसलं आहे की पन्नाशीतल्या पाचांपैकी एकाच्या, आणि सत्तरीतल्या तिघांपैकी एकाहून अधिकांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी होत्या. त्यांना जिवंतपणी पत्ताही नव्हता. त्यातले बहुतेक कॅन्सर इतक्या संथ चालीचे असतात की माणूस आपलं आयुष्य जगून दुसऱ्या कशाने तरी जातो. काही मात्र हाडांत पसरतात आणि हालहाल करून मारतात. पीएसए या दोघांत फरक करत नाही. आकडा चढला की बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासणं, आणि बायोप्सीत कॅन्सर आला की घरचे म्हणतात काढून टाका. प्रोस्टेट पूर्ण काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाचांपैकी एका पुरुषाला लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास दीर्घकाळ राहतो, आणि तिघांपैकी दोघांना शरीरसंबंधात कायमची अडचण येते. ज्याचा कॅन्सर त्याला मारणारच होता, त्याच्यासाठी ही किंमत परवडणारी आहे. ज्याला तो कधीच काही करणार नव्हता, त्याचं आपण विनाकारण नुकसान केलं.

मग फायदा किती? याचं सगळ्यांत भरवशाचं उत्तर युरोपातल्या एका मोठ्या चाचणीने दिलं. १९९० च्या दशकात ५५ ते ६९ वयाचे एक लाख बासष्ट हजार पुरुष दोन गटांत विभागले गेले; एका गटाला ठरावीक काळाने पीएसएसाठी बोलावलं, दुसऱ्याला नाही. २००९ मध्ये, साधारण नऊ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना बोलवावं लागलं होतं आणि ४८ जणांवर जास्तीचे उपचार करावे लागले होते. २०२५ मध्ये तेवीस वर्षांचा हिशेब आला. आता ते आकडे ४५६ आणि १२ वर आले आहेत. प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू बोलावलेल्या गटात १३ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेतल्या सुमारे ७६,००० पुरुषांच्या चाचणीत फायदा दिसला नव्हता, पण तिथे 'तपासणी नाही' या गटातल्या अनेकांनी बाहेरून पीएसए करून घेतलेलीच होती, त्यामुळे ती तुलना कच्ची राहिली.

या आकड्यांतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. फायदा खरा आहे, पण तो फार उशिरा हाती येतो. आज केलेल्या तपासणीचं फळ दहा, पंधरा, वीस वर्षांनी मिळतं. तोटा मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. म्हणून ही तपासणी ज्याच्यापुढे तेवढं आयुष्य आहे त्याच्यासाठी आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये सरसकट पीएसए नकोच असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये ते बदलून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, आणि सत्तरीपुढे करू नये, असं म्हटलं.

आता आपल्या शिबिरात कोण येतं ते पाहा. वेळ सकाळी दहाची. येतात ते निवृत्त झालेले, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी वयाचे. कोणाच्या हृदयात स्टेंट, कोणाला वीस वर्षांची शुगर. सुई त्यांना टोचली जाते. ज्याला खरोखर विचारायला हवं, तो बावन्न वर्षांचा माणूस त्या वेळी पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर असतो, किंवा दुकानाचं शटर वर करत असतो. मी अशा शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बसते, वय मीच लिहून घेते, म्हणून हे ठामपणे सांगते : मोफत पीएसएचा मोठा हिस्सा नेमका ज्यांना तिचा उपयोग सगळ्यांत कमी त्यांच्यावर खर्च होतो.

यावर कोणीतरी जो बायडेन यांचं नाव काढतंच. मे २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, अमेरिकेच्या या माजी राष्ट्राध्यक्षांना हाडांत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असल्याचं जाहीर झालं, आणि त्यांची शेवटची पीएसए २०१४ मध्ये झाली होती असंही सांगण्यात आलं. सत्तरीनंतर थांबवली म्हणूनच हे झालं ना, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून मी वयाची रेघ आंधळेपणाने ओढा असं म्हणत नाही. बहात्तर वर्षांचा, रोज सकाळी मेघदूत उपवनात तासभर चालणारा, नव्वदीपर्यंत जगलेल्या आईवडिलांचा मुलगा सगळं समजून घेऊन म्हणाला की मला करायची आहे, तर जरूर करावी. पण त्याला समजावून सांगणारं कोणीतरी तिथे हवं. रांगेत उभं करून बाही वर करायला लावणं म्हणजे त्याने निर्णय घेतला असं होत नाही.

विचारायच्या प्रश्नांत माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न घराण्याचा, आणि तोच आपल्याकडे सगळ्यांत वाईट पद्धतीने विचारला जातो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल तर माणसाचा धोका साधारण दुप्पट होतो. एकाहून अधिकांना झाला असेल किंवा कमी वयात झाला असेल तर आणखी. एवढं बहुतेक डॉक्टर विचारतात. पण आई, मावशी, आत्या, बहीण? स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए-२ हे जनुक १९९५ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. त्यातला दोष आईकडून किंवा वडिलांकडून, मुलाला किंवा मुलीला, कोणालाही येऊ शकतो, आणि येण्याची शक्यता निम्मी असते. हा दोष असलेल्या पुरुषाला प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जास्त असतो, तो कमी वयात होतो आणि जास्त आक्रमक असतो. म्हणजे एखाद्या पुरुषाचा धोका त्याच्या आत्याच्या आजारपणात लिहिलेला असू शकतो.

आणि आपल्या घरांत आत्याचं आजारपण आत्याच्या सासरी राहतं. लग्न होऊन नागपूरला किंवा बडोद्याला गेलेली आत्या पंचेचाळिशीत गेली. कशाने? 'गाठ झाली होती.' कुठे, ते कोणी विचारलं नाही, कारण बाईच्या छातीची गोष्ट पुरुषांनी बोलायची नसते, आणि माहेरची माणसं दहाव्याला जाऊन परत आली. तिच्या भावाचे मुलगे इंदूरला मोठे झाले. त्यांच्या फाइलमध्ये 'कौटुंबिक इतिहास : नाही' असं लिहिलेलं असतं. टेबलावर मी विचारते, घरात कोणाला कॅन्सर? पुरुष हमखास 'नाही' म्हणतात. मग मागून बायको म्हणते, "अहो, तुमच्या ताईआत्यांना काय झालं होतं मग?" ही माहिती घरातल्या बायकांकडे असते, कोणी कोणाची किती दिवस शुश्रूषा केली याच्या आठवणींत. ती मिळवायला सुई लागत नाही, पैसे लागत नाहीत. नोंदणीच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवाव्या लागतात आणि जोडप्याने एकत्र यावं असं सांगावं लागतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने आपला मसुदा मांडला, तोही याच दिशेने जातो. सगळ्या पुरुषांची तपासणी करण्याची शिफारस तिने केली नाही. बीआरसीए जनुकात दोष आहे हे माहीत असलेल्या ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांची दर दोन वर्षांनी करावी, असं म्हटलं. आपल्याकडे जनुकाची चाचणी किती जणांना परवडेल हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्या घरात दोन बायकांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला, त्या घरातल्या पुरुषाने चाळिशीतच यूरोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांना, गाठावं आणि तपासणी केव्हा सुरू करायची ते विचारावं, हे सांगायला शिबिर ही फार चांगली जागा आहे.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. साध्या वाढीसाठी फिनॅस्टेराइड किंवा ड्युटॅस्टेराइड असलेल्या गोळ्या दिल्या जातात, बऱ्याचदा टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्म्यावर येतं. अशा माणसाचा आकडा ३ आला तर तो खरं म्हणजे ६ च्या आसपास धरायचा असतो. शिबिराच्या रिपोर्टवर मात्र 'नॉर्मल' छापून येतं आणि माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या फिनॅस्टेराइडच्या लहान मात्रेनेही हाच परिणाम होतो, आणि ती घेणारे पंचेचाळिशीतले पुरुष ते कोणाला सांगत नाहीत. न विचारता केलेली तपासणी नुसती निरुपयोगी नसते, ती खोटा दिलासा देते. उलट बाजूही आहे : पंधरा दिवसांपूर्वी लघवीचा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर आकडा चढलेला येतो आणि घरभर रडारड होते. संसर्गानंतर सहा-आठ आठवडे थांबायचं असतं.

माझ्या बाजूने बोलणारा एक दिलासादायक अभ्यासही आहे. स्वीडनमधल्या माल्मो शहरात फार पूर्वी साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने नंतर तपासले गेले. साठीला ज्यांचं पीएसए १ किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यापैकी हजारात दोनच जण ८५ वयापर्यंत प्रोस्टेट कॅन्सरने मरतील असा अंदाज निघाला. म्हणजे योग्य वयात केलेली एक तपासणी बऱ्याच जणांना पुढे वारंवार तपासण्यांतून मोकळं करू शकते. दरवर्षी गणपतीत त्याच माणसाची तीच तपासणी करण्यात काय मतलब आहे?

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यांत वजनदार मुद्दा असा : हे सगळे आकडे युरोप-अमेरिकेचे. तिथे अति तपासणीचा प्रश्न आहे, आपल्याकडे उशिरा सापडण्याचा. जागतिक अंदाजांनुसार भारतात २०२० मध्ये प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे साडेचौतीस हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास सतरा हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यूंचा हा आकडाच सांगतो की आपल्याकडे अनेक जण हाडांत पसरल्यावर येतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं की जगभरातले वर्षाचे नवे रुग्ण २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाख होतील, आणि ही वाढ मुख्यतः गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होईल, कारण तिथली माणसं आता जास्त जगतात. मग इथे तपासणी कमी करा म्हणणं बरोबर आहे का?

मी कमी करा म्हणत नाही, योग्य माणसाची करा म्हणते. शिवाय उशिरा येणारा रुग्ण आपल्या मंडळाच्या शिबिरात येणाऱ्यांतला बहुधा नसतोच. तो धार, झाबुआ, खरगोन, बडवानीकडून कुठून तरी येतो, आणि इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची कंबर महिनोन्महिने दुखत असते. त्याने मालिश केलेली असते, लेप लावलेले असतात, गोळ्या घेतलेल्या असतात. त्याच्यासाठी गरजेची गोष्ट पीएसएचं फ्लेक्स नव्हे. पन्नाशीपुढच्या पुरुषाची कंबर रात्री झोपमोड करण्याइतकी दुखते, विश्रांतीने कमी होत नाही, पाय जड पडतात, लघवीवरचा ताबा सुटतो, हे गावातल्या डॉक्टरांना, आशाताईंना आणि घरच्यांना ओळखता यायला हवं. मणक्यात पसरलेली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेलं तरच पाय वाचण्याची आशा असते. अशा वेळी पीएसए जरूर करायची असते, आणि वय कितीही असो.

आणि तेव्हाही हात टेकायचे नसतात. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो आणि त्या हार्मोनचा पुरवठा तोडला की आक्रसतो. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हे आजही त्याचं सगळ्यांत स्वस्त रूप आहे. इंजेक्शनांनीही तेच साधतं, पण ती महिनोन्महिने घ्यावी लागतात. वेदना काही दिवसांत कमी झालेले, पुन्हा उठून बसलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले असतात. लाजेपोटी शस्त्रक्रियेला नकार देणारेही पाहिलेले असतात, आणि त्या नकारात घरच्यांनी एकदा शांतपणे बोलायला हवं होतं असं मला वाटत राहतं.

पैशांकडे वळते. शिबिरातली पीएसए मोफत. आकडा चढला तर पुन्हा पीएसए, मग एमआरआय, मग बायोप्सी. बायोप्सीआधी एमआरआय केल्याने अनेकांची बायोप्सी टळते आणि निरुपद्रवी कॅन्सर उकरून काढले जात नाहीत, हे २०१८ पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून तो टप्पा गाळू नये. पण तो खर्च कोणाचा? आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता ती लागू झाली आहे. ती मात्र रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्या तिच्यात येत नाहीत. ऑपरेशनचा खर्च सरकार देईल, पण ऑपरेशन लागणार आहे की नाही हे ठरवणाऱ्या एमआरआयसाठी सरकारी रुग्णालयाची रांग धरा किंवा खिशात हात घाला. जे मंडळ सुई टोचतं त्याने हा पुढचा रस्ता आधी पाहिलेला असावा.

प्रतिबंधाबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं खरं थोडंच आहे. वय, घराणं आणि जनुकं बदलता येत नाहीत. लठ्ठपणाने पसरलेल्या, आक्रमक कॅन्सरचा धोका वाढतो. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून वजन, चालणं आणि तंबाखू सोडणं, हृदयासाठी जे करायचं तेच. टोमॅटो खा, चांगला आहे, पण त्याच्या अर्काच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका. ३५,५३३ पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली होती. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला होता. 'पुरुषांच्या आरोग्यासाठी' म्हणून शिबिराच्या कोपऱ्यात कोणी कॅप्सूलचा स्टॉल मागितला, तर तो देऊ नये.

पुरुष बोलत नाहीत ही तक्रार मीही करते, पण त्यांची एक भीती निवारता येण्याजोगी आहे. अनेकांना वाटतं की प्रोस्टेटची तपासणी म्हणजे गुदद्वारातून बोट घालणं, आणि त्या लाजेने ते विषयच टाळतात. त्रास नसलेल्या माणसाच्या पहिल्या तपासणीसाठी आता अनेक ठिकाणी ती सक्तीची मानत नाहीत. रक्ताने सुरुवात होते. एवढं फॉर्मवर छापलं तरी पन्नाशीतले चार जण जास्त येतील.

शेवटी, सापडल्यावर काय. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांची एक चाचणी झाली. ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या या पुरुषांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले, काहींना नुसतं नियमित पाहत राहिलं. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले शंभरात तीनच्या आसपास होते. नुसतं पाहणाऱ्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, शंभरात नऊ, तर इतर दोन गटांत पाच. ते लपवून चालणार नाही. पण मंद जातीच्या कॅन्सरला ताबडतोब कापून काढायची घाई नसते, एवढं यातून पक्कं कळतं. आपल्याकडे मात्र रिपोर्टवर तो शब्द आला की पुण्याहून मुलीचा फोन येतो, जावई मुंबईतल्या डॉक्टरांची नावं पाठवतात, शेजारी म्हणतात अजून थांबलात कशासाठी. त्या गदारोळात डॉक्टरांचं 'दर सहा महिन्यांनी पाहू' हे वाक्य हलगर्जीपणासारखं वाटतं, आणि माणूस घरच्यांना शांत करण्यासाठी ऑपरेशनच्या टेबलावर चढतो. म्हणून सुईआधीच्या पाच मिनिटांत हा प्रश्नही विचारायचा : कॅन्सर निघाला आणि डॉक्टर म्हणाले थांबा, तर तुम्ही आणि तुमच्या घरचे थांबाल का? उत्तर 'नाही' असेल, तर त्या माणसाने रक्त देण्याआधी घरी जाऊन बोलून यावं.

यंदाच्या शिबिराची तारीख ठरवताना मंडळांनी एक करावं. पीएसएची वेळ रविवारी संध्याकाळी ठेवावी, म्हणजे कामावर जाणारे येतील. एखाद्या यूरोलॉजिस्टकडून आधी कबूल करून घ्यावं की चढलेले रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना ते आठवड्याभरात भेटतील, आणि त्यांना फोन कोण करणार त्या कार्यकर्त्याचं नाव वहीत लिहून ठेवावं. असा डॉक्टर मिळाला नाही, तर त्या वर्षी फ्लेक्सवरून पीएसए काढावी आणि बीपी-शुगर नीट करावी.